माहीमच्या वाडीतून मेक्लाँगच्या खानावळीत

बँकॉकच्या नैऋत्येला सत्तरेक किलोमीटरवर समुत सोंगख्राम नावाचा प्रांत आहे. क्षेत्रफळाने थायलंडमधला सगळ्यात लहान, जेमतेम सव्वाचारशे चौरस किलोमीटरचा. आपला एकटा पालघर तालुका त्याहून मोठा. मेक्लाँग नदी इथे थायलंडच्या आखाताला मिळते. मुखाशी कांदळवन, किनाऱ्याने मिठागरं, आत माडांच्या बागा आणि बागांमधून खेळवलेलं खाडीचं पाणी. पट्टाया-फुकेतच्या सहलींत या प्रांताच्या वाट्याला तासभर आला तर आला, तोही रेल्वेरुळांवरचा बाजार बघण्यापुरता. मी गेले ती तिथल्या एका घरगुती दुकानातले भाताचे नूडल्स खायला, आणि दिवसभर राहिले.

माझं घर माहीमचं. मुंबईतलं नव्हे, पालघर स्टेशनात उतरून पश्चिमेला समुद्राकडे गेलं की लागतं ते, केळव्याच्या शेजारचं. आमच्याकडे वाडी म्हणजे माड, सुपारी, केळी आणि या सगळ्यांत मानाची पानवेल. केळवे-माहीमचं विड्याचं पान कुठकुठल्या बाजारांत जातं. शेजारी सातपाटी, म्हणजे पापलेटचं माहेर; 2023 साली राज्य सरकारने पापलेटला राज्यमासा ठरवलं तेव्हा आमच्या पट्ट्यात घरचं कार्य असल्याचा आनंद होता. अशा गावातून गेलेल्या बाईला मेक्लाँगमध्ये परकं वाटण्यासारखं फारसं काही नव्हतं. म्हणूनच जे वेगळं होतं ते चटकन नजरेत भरलं.

भाचा नोकरीनिमित्त बँकॉकला असतो. त्याने गाडी ठरवायची तयारी दाखवली, पण मी रेल्वेचाच हट्ट धरला, आणि कुणीही जाणार असेल तर त्याने रेल्वेनेच जावं. थोनबुरी भागातल्या वोंगवियान याय स्टेशनातून महाछायला जाणारी छोटी गाडी सुटते. तिकीट 10 बाट. बाट म्हणजे साधारण अडीच-तीन रुपये धरा. तासाभरात महाछाय येतं आणि रूळ संपतात, कारण पुढे था छिन नदी आहे. मासळीबाजारातून वाट काढत धक्क्यावर जायचं, तरीने पलीकडे जायचं, तिथून चालत बान लेम स्टेशन गाठायचं आणि दुसऱ्या गाडीत बसायचं. पुन्हा 10 बाट, पुन्हा तासभर. हे दोन्ही लोहमार्ग 1905 साली सुरू झाले, ते या किनाऱ्याची मासळी राजधानीला पोहोचवायला. मधली नदी मात्र कधी जोडली गेली नाही. बान लेमहून मेक्लाँगला दिवसातून चारच गाड्या जातात, त्यामुळे पहाटेच निघालेलं बरं. वाटेत डाव्या-उजव्या हाताला मिठागरं लागतात. नायगाव-भाईंदरच्या मिठागरांवरून आयुष्यभर ये-जा केलेल्या माणसाला ती ओळखीचीच वाटतील.

मेक्लाँग स्टेशनच्या तोंडाशी गाडी अगदी सावकाश होते आणि भाजीवाल्यांच्या कनाती एकामागून एक मागे सरकतात. टोपल्या रुळाच्या कडेशी तशाच राहतात, गाडी त्यांच्यावरून जाते. याचे फोटो जगभर झाले आहेत, म्हणून मी त्यावर थांबत नाही. थांबण्यासारखी गोष्ट कनातींखाली होती : प्ला थू. आपल्या बांगड्याचा हा सख्खा चुलतभाऊ, जरा आखूड आणि रुंद. मिठाच्या पाण्यात उकडून बांबूच्या छोट्या गोल टोपलीत दोन-दोन, तीन-तीन मासे बसवलेले, आणि टोपलीत मावावेत म्हणून प्रत्येकाची मान खाली मुडपलेली. मेक्लाँगचा प्ला थू या मुडपलेल्या मानेवरूनच ओळखला जातो. विकणाऱ्या बायकांचं बसणं, पाणी शिंपडणं, गिऱ्हाइकाने बोट लावलं की भुवई वर जाणं, हे सगळं पालघरच्या मासळीबाजारातलं.

दुकान बाजारापासून दोन गल्ल्या आत होतं. पाटी होती ती थाई लिपीत. खाली दुकान आणि वर घर, अशी ती अरुंद, खोल बांधणी. थायलंडच्या जुन्या बाजारपेठांत सगळीकडे हीच. मोठं पातेलं आत स्वयंपाकघरात नसून रस्त्याच्या तोंडाशी होतं. काचेच्या छोट्या कपाटात पांढऱ्या, पिवळ्या, रुंद, बारीक अशा नूडल्सच्या राशी, शेजारी मोड आलेली कडधान्यं, कोथिंबीर, कांद्याची पात, तळलेल्या लसणाचं भांडं. पाच-सहा टेबलं. भिंतीवर राजाराणीची तसबीर, खाली चिनी देव्हारा, त्यात लाल दिवा. खाद्यपदार्थांची यादी नव्हतीच, कारण दुकानात एकच पदार्थ होता : माशांच्या गोळ्यांचे नूडल्स.

एकच पदार्थ म्हणजे निवड नाही असं नव्हे. भाच्याने समजावलं ते असं. आधी नूडल्सची जात सांगायची. सेन याय म्हणजे दोन बोटं रुंद पट्ट्या, सेन लेक म्हणजे बारीक चपट्या, सेन मी म्हणजे आपल्या शेवयांइतक्या बारीक; हे तिन्ही तांदळाचे. बा मी पिवळे, गव्हाचे आणि अंडं घातलेले. वुन सेन मुगाच्या सत्त्वाचे, शिजले की काचेसारखे पारदर्शक. मग ओलं की कोरडं : नाम म्हटलं की रश्शासकट, हेंग म्हटलं की रस्सा वेगळ्या वाटीत. मग आंबट-तिखट तोम याम हवं का साधं. इतकं झालं की तुमची वाटी तुमची. दहा माणसं दहा तऱ्हेची वाटी घेऊन उठतात, आणि घरच्यांना पातेलं मात्र एकच सांभाळावं लागतं.

पातेल्यापाशी सून होती. डाव्या हातात लांब दांड्याची जाळीची झारी. त्यात मूठभर नूडल्स आणि थोडे मोड टाकून उकळत्या पाण्यात सोडायचे, दोन-चार हिसके द्यायचे, वर काढून पाणी झटकायचं, वाटीत उलटं करायचं. सगळं मिळून अर्धा मिनिटही नाही. तांदळाचे हे नूडल्स आधीच शिजलेले असतात. तांदूळ भिजवून, वाटून, त्याचं पातळ पीठ ताटात पसरून वाफवायचं आणि जी चादर निघेल ती कापायची, अशी चपट्या पट्ट्यांची कृती. दुकानात लागतं ते फक्त ऊन पाणी. त्यावर माशाचे गोळे, वरून रस्सा, चमचाभर लसणाचं तेल, पात, कोथिंबीर. सासरा वाट्या नेऊन देत होता आणि रिकाम्या उचलत होता. नातू कोपऱ्यातल्या टेबलावर बर्फाच्या पेल्यांची मांडणी करत होता. मुलगा पहाटे बाजार करून आला होता आणि आता मागे भांडी घासत होता.

आजी मात्र मागच्या दारापाशी, खालच्या स्टुलावर. तिच्यापुढे तसराळं. तिचं काम संपेपर्यंत मी तिथेच उभी राहिले, आणि तिने एकदाही हरकत घेतली नाही. मासा कोणता, हे बघायला मी वाकले आणि ओळखलं : करली. आपल्याकडे करलीची चव सगळ्यांना हवी असते आणि काटे कुणालाच नको असतात. माहीमला पाहुण्याला करली वाढताना आधी विचारून घ्यावं लागतं. आजीने करली उभी चिरली होती आणि चमच्याच्या कडेने मांस शेपटीकडून डोक्याकडे खरवडत होती. काटे कातडीला चिकटून राहात आणि चमच्यात येई तो नुसता मऊ गर. त्यात मीठ आणि बर्फाचं पाणी घालून ती तो गर मळू लागली, मग उचलून तसराळ्याच्या बुडावर आपटू लागली. थप्प, थप्प, थप्प. मिठाने माशातली प्रथिनं सुटतात आणि आपटून आपटून त्यांचं जाळं बनतं. त्यामुळेच पीठ नसतानाही गोळा उसळतो. बर्फ यासाठी, की मळताना गर तापला तर जाळं मोडतं. मिश्रण चिकट, चकचकीत झाल्यावर तिने ते मुठीत घेतलं, अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून दाबलं. वर आलेला गोळा चमच्याने काढून कोमट पाण्यात सोडला. पुढचा. पुढचा. सगळे एका मापाचे.

आमच्या वाट्या आल्या. मी सेन लेक नाम सांगितलं होतं. नूडल्स खाताना थाई माणूस काड्या वापरतो, एरवी भाताला चमचा आणि काटा. काड्या चिन्यांकडून आलेल्या पदार्थापुरत्याच ठेवलेल्या. उजव्या हातात काड्या, डाव्यात आखूड चमचा. "मावशी, आधी नुसता रस्सा चाखा," भाचा म्हणाला, "मग हात लावा." हात लावायचा तो टेबलावरच्या चार बरण्यांना : माशाचं पाणी म्हणजे नाम प्ला, साखर, भाजलेल्या मिरचीचा चुरा, आणि सिरक्यात बुडवलेल्या मिरचीच्या चकत्या. खारट, गोड, तिखट, आंबट. रस्सा मुद्दाम थोडा अळणी ठेवलेला असतो, कारण शेवटचं मीठ-मसाल्याचं काम खाणाऱ्याचं. आपल्याकडे पानात वरून मीठ घेतलं तर वाढणारीला कमीपणा वाटतो. इथे चव घेऊनही बरण्यांना हात न लावणाऱ्या मला सासऱ्याने स्वतः येऊन बरण्या जवळ सरकवून दिल्या.

रस्सा निवळ होता आणि त्याला माशाचा, लसणाचा आणि मागून हलका गोडसर मुळ्याचा वास होता. गोळ्याला दात लावला की आधी तो प्रतिकार करतो, मग तुटतो. करलीची चव संपूर्ण, काटा एकही नाही. मी चिमूटभर मिरची आणि चमचाभर सिरका घातला आणि वाटी तळापर्यंत प्यायले. दुसरी वाटी हेंग मागवली.

खाऊन झाल्यावर भाच्याच्या मध्यस्थीने बोलणं झालं. आजीच्या सासऱ्याचं घराणं तेओच्यू चिनी, दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरून आलेलं. थायलंडमधल्या चिन्यांत त्यांचीच वस्ती जास्त, आणि क्वाय तियाव हे नूडल्सचं थाई नावही त्यांच्याच बोलीतलं. पण हा चिनी पदार्थ थाई घराघरात गेला तो सरकारी रेट्याने. फील्ड मार्शल फिबुन सोंगख्राम 1938 साली पंतप्रधान झाले. सयाम देशाचं थायलंड हे नाव त्यांच्याच कारकिर्दीत, 1939 साली पडलं. दुसरं महायुद्ध चालू, त्यात 1942 साली बँकॉकमध्ये मोठा पूर आला, धंदे बसले. तेव्हा त्यांनी लोकांना रोज एक वाटी नूडल्स खायला सांगितलं. त्यांचा हिशेब साधा होता : देशाची वस्ती एक कोटी ऐंशी लाख, वाटी पाच सतांगची, सगळ्यांनी खाल्ली तर रोज नऊ लाख बाट शेतकऱ्यापासून गाडीवाल्यापर्यंत फिरतील. नूडल्सच्या गाड्या काढायला उत्तेजन दिलं गेलं आणि चिन्यांच्या हातातल्या या धंद्यात थाई लोक उतरले. पाद थाई हा परतलेल्या नूडल्सचा पदार्थ राष्ट्रीय म्हणून पुढे आला तो याच लाटेत.

हे ऐकताना मला बरं वाटत होतं, पण याच फिबुन यांची दुसरी गोष्ट आमच्या गावाच्या वर्मी लागणारी आहे. 1939 ते 1942 या काळात त्यांनी देश आधुनिक दिसावा म्हणून एकामागून एक फर्मानं काढली. बाहेर पडताना टोपी घाला, कपडे नीट घाला, आणि विडा खाऊ नका. तोवर सयाममध्ये विडा सगळे खात, राजवाड्यापासून झोपडीपर्यंत. पाहुण्याला पानाचं तबक, लग्नाच्या बोलणीत पान-सुपारी, हे तिथलंही चाललेलं. सरकारने खाण्यावर बंदी घातलीच, वर पानवेली आणि सुपारीची झाडं तोडायला लावली. पानवेल लावणं म्हणजे काय, हे माहीमच्या माणसाला विचारा. सावली किती, वारा किती, पाणी किती आणि कधी, वेल केव्हा उतरवून पुन्हा चढवायची. उन्हाचा एक वाईट आठवडा किंवा पाणी साचलेली एक रात्र वर्षाची मेहनत नेते. अशा बागा हुकुमाने आडव्या होताना ज्यांनी पाहिल्या त्यांचं काय झालं असेल, या विचाराने मला त्या रिकाम्या वाटीसमोर क्षणभर काही सुचेना. सुपारीने तोंडाचे रोग होतात, हे आज आपण जाणतो आणि विड्याला आळा बसला याचं दुःख करण्याचं कारण नाही. पण तो आळा आरोग्यासाठी नव्हता. परक्यांना आपले दात लाल दिसू नयेत, यासाठी होता. एका हाताने नूडल्सची गाडी रस्त्यावर आणली आणि दुसऱ्या हाताने पानवेल कापली. त्या प्रांतात मला विड्याच्या पानाची एकही बाग दिसली नाही.

पान अगदीच गेलेलं नाही, ही त्यातली चांगली बाजू. बाजारात मियांग खाम मिळतं. पानवेलीच्याच कुळातलं, पण मऊ आणि कमी झणझणीत असं चा फ्लू नावाचं पान घ्यायचं, त्याचा द्रोण करायचा. त्यात भाजलेलं खोबरं, शेंगदाणे, आल्याचे आणि सालीसकट लिंबाचे बारीक तुकडे, छोटा कांदा, मिरची आणि सुकवलेली कोळंबी, म्हणजे आपले सोडे. वर माडाच्या गुळाचा दाट पाक. द्रोण दुमडून एकदम तोंडात. माहीमला या सगळ्या जिनसा एकाच वाडीत आणि एकाच मासळीबाजारात मिळतील. सुपारीशिवाय पान कसं खाता येईल, या प्रश्नाचं इतकं चविष्ट उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही. आमच्याकडे कुणी हे करून विकावं अशी माझी फार इच्छा आहे.

या दोन किनाऱ्यांना जोडणारी आणखी एक गोष्ट म्हणजे मिरची. 1511 साली पोर्तुगीजांचा पहिला दूत सयामची राजधानी अयुथयाला पोहोचला. वसई त्यांच्याकडे आली 1534 साली. पुढे माहीम-केळव्याचे कोट त्यांच्या ताब्यात होते, ते 1739 सालच्या जानेवारीत मराठ्यांनी वसईच्या मोहिमेत घेतले. अमेरिकेतली मिरची पूर्वेकडे आणली ती याच लोकांनी. त्या चार बरण्यांतल्या दोन त्यांच्याशिवाय भरल्या नसत्या, आणि आमच्या बोंबलाच्या कालवणाचा रंगही दुसरा असता.

आता मला ज्यासाठी हे लिहावंसं वाटलं ते. माझी जाऊ केळव्याला घरगुती जेवण देते. शनिवार-रविवारी मुंबईहून माणसं येतात. पापलेटची थाळी, सुरमईची थाळी, चिकन, अंडं, शाकाहारी, जैन; मुलांना फ्राइड राइस, कुणाला पनीर, संध्याकाळी भजी. गिऱ्हाईक मागेल ते तिने करायचं. सहा चुलींचं काम दोन हातांनी. रविवारी रात्री तिचे पाय सुजलेले असतात. नवरा हिशेब बघतो, मुलगा खोल्यांचं बघतो, पण स्वयंपाक सगळा तिच्यावर आणि हाताखालच्या एका मुलीवर. इतकं करून जे आमचं म्हणून सांगावं ते, थंडीतली उकडहंडी, करंदीचं कालवण, तांदळाची पातळ भाकरी, हे वेळेअभावी मागे पडतं.

मेक्लाँगच्या त्या घरात सगळ्यांत म्हातारी बाई बसून काम करत होती. सून उभी होती, पण तिच्यापुढे एकच पातेलं होतं. पुरुष वाट्या उचलत होते, भांडी घासत होते. गोळे संपले की दुकान बंद, आणि ते दुपारी दोनच्या सुमारास संपतात. रात्रीचं जेवण त्या घरातली माणसं एकत्र बसून जेवतात, असं आजीने सांगितलं, आणि सुनेने मान हलवली. एक पदार्थ करणारं दुकान मला आजवर गरिबीचं किंवा आळसाचं लक्षण वाटे असं नाही, पण त्यात घरातल्या बाईच्या श्रमांना घातलेली मर्यादा आहे, हे मी तिथे समोर पाहिलं. पदार्थ एक असला की काम वाटता येतं. त्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येकाच्या हाताला त्याचा तुकडा येतो. थाळीत अकरा वाट्या असल्या की सगळ्या वाट्यांची चव फक्त एकीलाच ठाऊक असते आणि तिला उठता येत नाही.

केळव्या-माहीमला हे जमणार नाही, असं लगेच म्हणतील. आपल्या गिऱ्हाइकाला भरलेलं ताट लागतं, हे खरं आहे. पण आगाशीचं भुजिंग घ्या. पोह्यांत घोळवलेलं कोळशावरचं चिकन, या एका पदार्थासाठी माणसं वाकडी वाट करून विरारला उतरतात. आपल्याच पट्ट्यातलं हे उदाहरण आहे. सिंधुदुर्गात तांदळाचे शिरवाळे नारळाच्या रसात घालून देतात. उकडीचा गोळा शेवग्यातून, म्हणजे सोऱ्यासारख्या साच्यातून, दाबून काढलेल्या त्या शेवया म्हणजे आपले सेन मीच. ताज्या करलीच्या गोळ्यांबरोबर त्या साध्या रश्शात का देऊ नयेत? मी जावेला हे सांगितलं आहे. तिने अजून होकार दिलेला नाही, पण करली चमच्याने खरवडून बघितली आणि काटे सुटतात, हे तिला पटलं.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. साधी वाटी 50 ते 60 बाटला मिळते. त्या वाटीने मराठी भूक भागत नाही, दोन घ्याव्या लागतात आणि तिथेही त्यात कुणाला नवल वाटत नाही. होडीतले नूडल्स म्हणून जो प्रकार मिळतो त्याच्या वाट्या मुळात लहान, कारण कालव्यातल्या होडीतून काठावरच्या गिऱ्हाइकाला देताना मोठी वाटी सांडे. त्याचा रस्सा गडद असतो, दालचिनी आणि चक्रीफुलाचा वास येतो, म्हणून आपल्याला तो मसालेदार आणि जवळचा वाटतो. पण तो दाट होतो जनावराच्या रक्ताने, हे आधी माहीत असलेलं बरं. डुक्कर नको असेल तर "माय साय मू" आणि गोमांस नको असेल तर "माय साय नुआ" म्हणावं. मात्र माशाच्या दुकानातही रस्सा पुष्कळदा डुकराच्या हाडांचा असतो, तेव्हा ज्यांना हे चालत नाही त्यांनी विचारूनच बसावं. शुद्ध शाकाहाऱ्यांनी पिवळ्या पताकेवर लाल अक्षरं असलेलं दुकान शोधावं आणि "किन जे" म्हणावं. या जे पद्धतीत मांस-मासे-अंडं तर नाहीच, कांदा-लसूणही नाही, त्यामुळे आपल्याकडच्या जैन मंडळींचीही बरीचशी सोय होते, कंदमुळांचं मात्र विचारून घ्यावं. वर्षातून एकदा, बहुधा ऑक्टोबरमध्ये, नऊ दिवस ही पथ्यं पाळण्याचा उत्सव असतो आणि तेव्हा अशा पताका गल्लोगल्ली लागतात.

अशी नूडल्सची दुकानं बहुधा सकाळची असतात. दुपार मोकळी राहते ती आंफवासाठी. मेक्लाँगहून मागे बाकं असलेल्या सामायिक गाडीने वीसेक मिनिटांत पोहोचता येतं. चक्री घराण्यातल्या दुसऱ्या रामा राजाचा जन्म इथला, 1767 सालचा. शुक्रवार ते रविवार दुपारनंतर कालव्यावर बाजार भरतो, होड्यांतच कोळंबी आणि माकुल भाजून देतात, आणि अंधार पडला की काजवे दाखवायला होड्या निघतात. गर्दी फार असते. मी त्यापेक्षा बागेत गेले आणि ते मला जास्त लाभलं.

तिथली वाडी पाण्यात उभी असते. हातांनी खणलेले लांब चर, चरांमधली माती वर टाकून केलेले उंच वरंबे, वरंब्यांवर माड. भरती-ओहोटीचं पाणी दरवाज्याने आत घेतात आणि सोडतात. पाडलेले नारळ चरातच ढकलायचे, ते तरंगत तरंगत एका कडेला गोळा करायचे. पाडेली आणि ओझं वाहणारा गडी मिळत नाही म्हणून आमच्याकडे नारळ झाडावरच राहतात, त्यामुळे मी हे पाहतच राहिले. रसासाठी ज्या माडांची पोय कापतात त्यांना नारळ धरत नाहीत. पोय बांधून तिचं टोक रोज पातळ कापायचं, खाली भांडं अडकवायचं, सकाळ-संध्याकाळ माडावर चढायचं. आंबू नये म्हणून भांड्यात एका झाडाच्या लाकडाचे तुकडे टाकून ठेवतात. आमच्याकडे भंडारी याच कसबाने माडी काढत आले. इथे तो रस तसाच मोठ्या कढईत ओतून नारळाच्या सोडणांवर आटवतात, घोटतात आणि वाट्यांत थापतात. रंग फिका तपकिरी, वास भाजक्या दुधाचा.

हा गूळ घ्यायचा असेल तर बाजारात घट्ट, पांढुरक्या, कोरड्या वड्या मिळतील, त्या घेऊ नयेत. त्यांत उसाची साखर असते आणि म्हणूनच त्या कडक राहतात. निव्वळ माडाचा गूळ उन्हाळ्यात मऊ पडतो, डब्याला ओल धरतो, बोट लावलं की बोटाबरोबर येतो. बागवाले तो झाकणाच्या डब्यात देतात, भावही दुपटीच्या घरात सांगतात. चढणाऱ्या माणसाने दिवसातून दोनदा जीव धोक्यात घातलेला असतो, तेव्हा तिथे घासाघीस करू नये.